पिशवी काढल्यानंतरची चाळीस वर्षे

दसरा पार पडला, की बालाघाटाच्या रांगांत आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेली बीड जिल्ह्यातील गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून ट्रक व ट्रॅक्टर भरून निघतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या शिवारात, पाच-सहा महिन्यांच्या मुदतीसाठी, माणसांची, जनावरांची आणि चुलींची एक नवी वस्ती उभी राहते. या प्रवासाची बांधाबांध करताना घरातली पत्र्याची पेटी उघडली जाते आणि तिच्यात पीठमीठ, दोन पातेली, पांघरुणे, ताडपत्री, कोयते अशी संसाराची निवडक चीजवस्तू भरली जाते. अशाच एका पेटीच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला एक कागद मी एका वैशाखात पाहिला. प्रस्तुत प्रकरणाचा बहुतेक सारा विषय त्या एका कागदात सामावलेला आहे.

कागद ज्यांचा होता त्या बाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या असाव्यात. नऊ वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात त्यांचे गर्भाशय काढण्यात आले होते. "पिशवी काढली न् मोकळी झाले बगा," असे त्या म्हणाल्या, आणि ओसरीच्या खांबाला पाठ टेकीत पुढे म्हणाल्या, "पण ही कंबर काई मोकळी होऊ देईना." गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले होते काय, असे विचारताच त्या क्षणभर गप्प राहिल्या. "ते काई म्या इचारलं नाई. कागदात आसंल, तुमीच वाचा." कागद इंग्रजीत होता, अक्षर घाईचे होते, आणि तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंचे बीजांडकोश काढल्याची नोंद स्पष्ट होती. ज्या गोष्टीने त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे आरोग्य ठरावयाचे होते, ती गोष्ट नऊ वर्षे त्यांच्याच पेटीत होती आणि त्यांनाच ठाऊक नव्हती.

ही एका घरची हकीकत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. त्या निमित्ताने जिल्ह्यात जी पाहणी झाली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळून आले, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शेकडा ३.२ होते. दोन्ही पाहण्यांची रीत निराळी असल्यामुळे त्यांची तंतोतंत तुलना करता येणार नाही. तथापि अंतर एवढे मोठे आहे, की ते केवळ मोजणीच्या फरकाने भरून निघणारे नाही.

हे असे का घडले याची कारणे ज्याने उसाचा फड पाहिला आहे त्याला फार शोधावी लागत नाहीत. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून त्या कोयत्याच्या नावावर उचल घेतलेली असते, आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडावयाची असते. दोघांपैकी एक जरी घरी बसला तरी कोयत्याचा खाडा पडतो आणि दंडाची रक्कम बाकीत चढते. पहाटे तीन-चारला उठावे, कोपीतली चूल पेटवावी, भाकरी बांधून घ्याव्या, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधाव्या, आणि तीस-चाळीस किलोंची एकेक मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवावी, हा तिचा नेम असतो. फडात आडोसा नसतो, अंघोळीला पुरेसे पाणी नसते, आणि पाळीच्या दिवसांत कपडा बदलण्यासही जागा नसते. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत अतोनात रक्त जाणे या तक्रारी जडतात. त्यांतल्या बहुतेकींवर औषधांनी इलाज होऊ शकतो. परंतु औषधाला पुनःपुन्हा दवाखान्यात जावे लागते, आणि पुनःपुन्हा जाण्याची सवड कोयत्याला नसते. अशा वेळी "पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल," असे कोणी सांगितले, आणि एकदाच कापून टाकली की पाळीही जाईल, खाडाही जाईल, असे मनाने घेतले, तर त्या स्त्रीला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तिने आपल्यापुढच्या हिशेबात जे बसत होते तेच केले. त्या हिशेबात एक रक्कम मात्र तिला कोणी दाखविलीच नव्हती, आणि ती रक्कम म्हणजे पुढची चाळीस वर्षे.

ही रक्कम समजण्यासाठी शरीररचनेची थोडी ओळख हवी. गर्भाशय ही मूल वाढविणारी स्नायूंची पिशवी. तिच्या दोहो बाजूंस बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात, आणि इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव मुख्यतः तेथे तयार होतो. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते. परंतु बीजांडकोश जागेवर असल्यास इस्ट्रोजेन वाहत राहते, जरी त्यांचे कार्य कित्येकींच्या बाबतीत अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधी मंदावते. बीजांडकोशही काढले तर मात्र हा पुरवठा एका दिवसात बंद पडतो. भारतीय स्त्रीची पाळी निसर्गतः साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते, आणि तीही चार-पाच वर्षे रेंगाळत, शरीराला सवय करून देत जाते. तिशीतल्या स्त्रीच्या बाबतीत तेच संक्रमण शस्त्रक्रियेच्या टेबलावर तासाभरात उरकले जाते. म्हणूनच बीजांडकोश ठेवले की काढले, हा प्रश्न त्या कागदातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

इस्ट्रोजेनचे काम गर्भधारणेपुरते नाही. शरीरातील हाड बाहेरून दगडासारखे निश्चल दिसत असले तरी आतून ते अखंड मोडत आणि घडत असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड झिजवितात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे रचतात. आपल्याकडे पूर्वी जमिनीत पेव खणून ज्वारी साठवीत असत, आणि सुगीत भरलेले ते पेव दुष्काळी सालात उघडीत असत. हाडांचेही तसेच आहे. तिशीपर्यंत शरीर हे पेव भरीत असते, त्यानंतर ते सांभाळून वापरीत असते, आणि इस्ट्रोजेन हा त्या पेवावरचा राखणदार आहे. राखणदार उठून गेला, की हाड झिजविणाऱ्या पेशींना आवर राहत नाही, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दरसाल सुमारे दोन टक्के हाड नाहीसे होत जाते. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या, मूत्रमार्गाचे अस्तर, झोप आणि चित्ताची स्थिरता, या सर्वांवरही याच स्रावाचा हात असतो.

हे ज्ञान नवीन नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ साली दाखवून दिले, की हाडे ठिसूळ झालेल्या त्यांच्या रुग्णांत पाळी गेलेल्या स्त्रियांचाच भरणा होता, आणि इस्ट्रोजेन दिल्यावर शरीरातून वाहून जाणारे कॅल्शियम थोपविता येत होते. ऐंशी वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत असलेली ही गोष्ट बीडच्या ओसरीवर बसलेल्या बाईपर्यंत पोहोचू नये, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

आता प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळू. बीजांडकोशांसह पिशवी काढलेल्या स्त्रीला पहिली जाणीव होते ती उष्णतेची. थंडीच्या रात्री ताडपत्रीच्या कोपीत सारे गोधडीत गुरफटून झोपलेले असताना तिच्या छातीतून एकाएकी गरम वाफा उठतात, घामाने चोळी भिजते, आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. असे रात्रीतून तीन-चारदा झाले आणि पहाटे तीनला पुन्हा उठावयाचे असले, तर दिवसभराची चिडचिड, रडू येणे, कामात मन न लागणे हे त्या निद्रानाशाचेच परिणाम असतात. घरातली मंडळी याला स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नाही, हे नवऱ्याला आणि सासूला एकदा कोणीतरी नीट बसवून सांगितले, तर अर्धे दुःख हलके होते, असा माझा अनुभव आहे. सैल सुती कपडा, निजण्यापूर्वी चहा व तंबाखू वर्ज्य करणे, उशाशी पाण्याचा तांब्या, एवढ्याने थोडा आराम पडतो. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी औषधे आहेत.

त्या औषधांत सर्वांत थेट औषध म्हणजे गेलेले इस्ट्रोजेन बाहेरून देणे. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजांडकोश गेले असतील, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, यकृताचा गंभीर विकार यांसारखी आडकाठी नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हे औषध घ्यावे, असा आज स्त्रीरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. गर्भाशय नसल्यामुळे बहुधा इस्ट्रोजेन एकटेच पुरते, जोडीला दुसरा स्राव द्यावा लागत नाही. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाच्या निष्कर्षांमुळे या औषधाविषयी जगभर धास्ती पसरली. परंतु त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्टच्या घरात होते, आणि त्यांचा धोका तिशीतल्या स्त्रीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. औषध द्यावे की नाही, किती आणि कोणते, हे तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवावयाचे. मात्र हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाचा आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा १९७४ साली सुरू झालेले अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे तो कागद घेऊन एकदा जावे, आणि "माझे बीजांडकोश काढलेले आहेत, मला पुढे काय करावे लागेल?" एवढेच विचारावे.

दुसरी गोष्ट आहाराची. या वयानंतर शरीराला दिवसाकाठी हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत ते जेमतेम अठ्ठावीस मिलिग्रॅम असते. म्हणजे अर्धा किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी दीडशेही भरत नाही. भाकरी कष्टाला बळ देते, पण पेव भरीत नाही. उलटपक्षी शंभर ग्रॅम तिळात बाराशेहून अधिक, नाचणीत साडेतीनशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या आसपास आणि दुधात सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संक्रांत ऐन हंगामात येते आणि फडावरही तिळगूळ वाटला जातो. पण हाडांना एका दिवसाचे तीळ पुरत नाहीत. हंगामाला निघताना तीळ भाजून, मीठमिरची घालून कुटलेली चटणी डबाभर करून पेटीत ठेवावी, आणि रोज दोन चमचे भाकरीबरोबर खावी; त्यातून अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम पोटात जाते. त्यातले सगळेच अंगी लागत नाही हे खरे, म्हणून जोडीला दही-ताक आणि आठवड्यातून दोन-तीनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी असावी, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. हे कॅल्शियम शरीरात शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हाने त्वचेत तयार होते. दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईस त्याची उणीव कशी भासेल, असे कोणास वाटेल. परंतु उसाच्या पात्यांनी अंग कापू नये म्हणून ती लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढविते आणि डोके-तोंड फडक्याने बांधून घेते. विसाव्याच्या वेळी बाह्या वर सारून थोडा वेळ उन्हात बसावे, हा उपाय बिनपैशाचा आहे.

तिसरी गोष्ट ओझ्याची. हाडाला भार सोसण्याने बळकटी येते. चालणाऱ्याचे हाड बसणाऱ्याच्या हाडापेक्षा मजबूत राहते. तेव्हा कष्ट सोडून निजून राहावे, असा सल्ला कोणी देऊ नये. घातक असते ते कमरेत वाकून, पाठ पिळून, एका हिसक्याने जड मोळी उचलणे. मोळी लहान बांधावी, ती डोक्यावर चढविताना दुसऱ्याचा हात घ्यावा, खाली बसून गुडघ्यांच्या जोरावर उठावे, आणि सकाळी अंथरुणातून उठताना एकदम सरळ न उठता कुशीवर वळून हातावर भार देत उठावे. मोळी लहान बांधली की खेपा वाढतात, आणि खेपा वाढल्या की टनाचा हिशेब मागे पडतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच या आजाराचा इलाज केवळ दवाखान्यात पुरा होणारा नाही. मुकादम, कारखाना आणि शासन यांनी अशा स्त्रियांना मोळ्या वाहण्याऐवजी पाचट सारण्याचे, वाढे बांधण्याचे किंवा अन्य हलके काम देण्याची तजवीज केली पाहिजे.

चौथी गोष्ट पाण्याची. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. इस्ट्रोजेन गेल्यावर मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, त्यामुळे जळजळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांस ते लवकर बळी पडते. खोकताना, मोळी उचलताना लघवी निसटते, आणि लाजेपोटी बाई ते कोणास सांगत नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा एक साधा व्यायाम अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. लघवी थोपविताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच-सात सेकंद आवळून धरावे, सोडावे, आणि असे दहा-बारा वेळा दिवसातून तीनदा करावे. भाकऱ्या थापताना, गाडीत बसल्याबसल्या, कोणाला न कळता तो करता येतो; दोन-तीन महिने नेटाने केला तर गुण येतो. कोरडेपणामुळे नवराबायकोच्या संबंधात वेदना होत असतील, तर त्यावरही मलमे आहेत. ते दुःख दैवाचे मानून गिळावयाचे कारण नाही.

या सर्व गोष्टी अगदी लहान आहेत, आणि दीर्घ आजाराचे स्वरूपच असे आहे, की त्याच्याशी लहान गोष्टींनीच, पण नित्य, वागावे लागते. शस्त्रक्रियेचे आकर्षण तिच्या एकरकमीपणात होते. उचल जशी हंगामाअखेर बेबाक व्हावी, तसे दुखणे एका दिवसात बेबाक होईल, असे त्या स्त्रियांना वाटले. शरीर एकरकमी फेड स्वीकारीत नाही. ते रोजचा हप्ता मागते: चिमूटभर तीळ, तांब्याभर पाणी, एक गोळी, एक विसावा. आणि हे हप्ते भरण्यास जे लागते, म्हणजे स्थिर जागा, आडोसा, थोडी सवड, ते सारे कोयत्याच्या करारात बसत नाही. तिच्या व्याधीचे मूळ येथे आहे आणि तिच्या शुश्रूषेची अडचणही येथेच आहे.

२०१९ नंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांतील अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले; २०२२ साली केंद्र शासनाने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली; आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ही व्यवस्था मुख्यतः पुढच्या शस्त्रक्रिया टाळण्यासाठी आहे. ज्यांच्या होऊन गेल्या त्या १३,८६१ स्त्रियांपैकी किती जणींचे बीजांडकोश शिल्लक आहेत, किती जणींची कंबर झिजत चालली आहे, याची रुजुवात घेणारे दप्तर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावयास हवे. मुकादमाच्या वहीत तिचा एकही खाडा नोंदल्यावाचून राहत नाही. तिच्या हाडांचा खाडा नोंदणारी वही अद्याप कोणी उघडलेली नाही.

ती वही उघडेपर्यंत तिने आपली नोंद आपणच ठेवावी, म्हणून मी त्या बाईंना एक साधी युक्ती सांगितली. हंगाम आटोपून माणसे पाडव्याच्या मागेपुढे गावी परततात. त्या सुमारास दरसाल दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहावे आणि डोक्याबरोबर कोळशाने रेघ ओढावी. रेघ दोन सेंटिमीटरने खाली आली, तर मणका दबला आहे अशी शंका घेऊन विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. कारण मणक्याचे असे मोडणे पुष्कळदा फारशा वेदनेवाचून घडते, आणि कमरेचे नेहमीचे दुखणे समजून ते अंगावर काढले जाते.

त्यांनी ते मनावर घेतले. कागदातील मजकूर मी मराठीत एका कोऱ्या पानावर लिहून दिला, तो त्यांनी मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि मूळ कागदाबरोबर मेणकापडात ठेवला. मग त्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि नववीतल्या त्या मुलीने टाचा उंचावून पहिली रेघ ओढली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीप्रमाणे या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४३.७ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. म्हणजे हाडांचे पेव पुरते भरण्याआधीच बाळंतपणे, नसबंदी आणि पुढे पिशवी, असा मार्ग कित्येकींच्या वाट्यास येतो. आई बाजूला झाली आणि मुलीला म्हणाली, "आता तू हुबी ऱ्हा." मुलीची रेघ आईच्या रेघेखाली चार बोटांवर उमटली. "तुझी अजून वर जायची हाय," आई म्हणाली, आणि कोळसा तिने चौकटीच्या खाचेत, पुढच्या पाडव्यासाठी, जपून ठेवला.